मालकांची अर्धी मिशी

१. मैदान

जेवणं उरकून सगळी गल्ली पेंगत होती. तेवढ्यात मामाच्या सलूनमधून अशी किंकाळी आली, की समोर, सलूनकडे पाठ करून इस्त्री करणाऱ्या ठिणगीनं तापलेली इस्त्री तशीच एका पँटवर ठेवली आणि धूम ठोकली. पँट कामातून गेली. पण त्या दिवशी पँटचं कुणाला पडलं होतं!

सलूनचं शटर अर्धं खाली होतं. ठिणगी वाकून आत घुसली. खुर्चीशेजारी मालक उभे होते, तोंडावर हात दाबून. अंगात सकाळी तिनंच इस्त्री केलेला पांढरा शर्ट. एवढ्या गडबडीतही तिच्या मनात येऊन गेलं, काय इस्त्री धरलीय! पुढून मागून एक सुरकुती नाही, एक ठिपका नाही.

"काय झालं मालक? दाढ दुखतेय?"

मालकांनी हळूच हात काढला.

उजवीकडची मिशी होती तशीच होती, टोकाला पीळ दिलेली, विंचवाच्या नांगीसारखी वर वळलेली. डावीकडे मात्र मैदान. मधे दोनचार खुंट. एका बाजूनं बघितलं तर मालक, दुसऱ्या बाजूनं बघितलं तर पोस्टातला कारकून.

"कोणी केलं हे?" मालक गरजले.

ठिणगीला हसू फुटत होतं. तिनं गाल आतून चावून धरला. मालकांना हसून या गल्लीत राहिलेला माणूस अजून तरी कुणी बघितला नव्हता.

मालक म्हणजे कशाचे मालक, हे विचारायचं नसतं. घर भाड्याचं, दुकान नाही, मोटारसायकल होती पण ती नुसती दारात उभी, कारण मालकांच्या एवढ्या मोठ्या डोक्याला बसेल असं हेल्मेटच कुणी बनवत नाही. पण हातगाडी कुठे लावायची, पाण्याचा टँकर आधी कुणाच्या दारात थांबायचा, कुणाचं भांडण कुठे मिटवायचं, हे सगळं मालकांच्या भुवईवर चालायचं. भुवई जेवढी हलायची तेवढीच मिशी हलायची. मिशी हलली की माणसं हलायची.

आणि आज संध्याकाळी चौकात मालक जाहीर करणार होते, त्यांच्यानंतर गल्ली कोण सांभाळणार. शेजारच्या गल्लीचा मालक, ज्याला सगळे 'पलीकडचा' म्हणत, तो मुद्दाम बघायला येणार होता.

शटरखालून एकामागून एक तिघं आत आले. मालक रोज दुपारी मामाच्या खुर्चीत झोपायचे, कारण मागे कलणारी खुर्ची गल्लीत ती एकच. तेवढा वेळ हे तिघं बाहेरच्या बाकावर पहारा द्यायचे. पहिला उजवा. मालकांचा उजवा हात म्हणून उजवा. डावा हात असा कुणी नव्हताच, त्यामुळे डाव्या हाताची कामंही तोच करायचा. दुसरा भाचा, मालकांच्या बहिणीचा मुलगा, दंड एवढे फुगवलेले की स्वतःची पाठ खाजवायला दुसरा माणूस लागायचा. तिसरा भोंगा. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कुणाचं लग्न मोडलं, सगळं गल्लीभर ओरडून सांगणारा.

"मागच्या दाराला आतून कडी आहे," उजवा म्हणाला. "पुढे आम्ही बसलेलो. चिटपाखरू आत गेलेलं नाही. मग कात्री कुणाच्या हातात असते इथे? मामाच्या! त्याला पक्कं ठाऊक आहे आत कसं शिरायचं. सलूनला कुलूप लावा आणि म्हाताऱ्याला गल्लीबाहेर काढा. काय मालक?"

मालक कुणाकडेच बघत नव्हते. नुसतं म्हणाले, "हं."

मालकांचं 'हं' म्हणजे हुकूम. नेमका त्याच वेळी मामा शटरखालून आत आला, जेवून, ओले हात पुसत. "कोण जातंय गल्लीबाहेर?" त्यानं कुतूहलानं विचारलं.

ठिणगीचं डोकं फिरलं. आईबाप गेल्यावर याच मामानं तिला वाढवलं होतं, याच खुर्चीमागे तिचा पाळणा बांधून. "मामानं केलेलं नाही! संध्याकाळी चौक भरायच्या आत मी माणूस शोधून उभा करते. नाही केला तर माझं टेबल आणि मामाचं सलून, दोन्ही या गल्लीतून जातील!"

"अगं ए," मामा कळवळला, "माझ्या दुकानाची पैज तू कशी लावतेस?"

पण मालक पुन्हा म्हणाले होते, "हं."

२. घसरणारा चष्मा

मालकांना टॉवेलात गुंडाळून तिघांनी घरी नेलं. दात काढायला चाललेला पेशंट वाटावा असं. सलूनमध्ये मामा-भाचीच उरले.

"मामा, खरं सांग. कापलीस?"

"वेडी का काय? मी ती मिशी विंचरताना श्वास धरतो," मामा म्हणाला आणि चष्मा वर सरकवला. "शिंक आली तर?"

"दुपारी काय काय केलंस?"

"रोजचंच. मालक यायच्या आधी सगळं झाडलं. बेसिन धुऊन कोरडं केलं. कात्र्या खणात. चष्मा त्या खिळ्याला." आरशाशेजारच्या खिळ्याकडे त्यानं बोट केलं. "जेवताना कशाला हवा चष्मा? वाफ धरते. मालक आले, खुर्चीत बसले, मी शटर ओढून गेलो." चष्मा घसरला. त्यानं वर सरकवला. तो परत घसरला.

"जरा धीर धर ना मामा. किती घाम!"

"घाम कुठाय? आज हा चष्माच खुळ्यासारखा वागतोय. सकाळी ठीक होता."

ठिणगीचं लक्ष नव्हतं. ती जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. खुर्चीखाली एकही केस नाही. खुर्चीवर नाही. उशीवर नाही. मग ती उठली आणि आरशाखालच्या बेसिनमध्ये डोकावली.

तिथे होती मिशी. काळी कुळकुळीत, बारीक बारीक कापलेली. आणि त्यातले काही तुकडे एका टोकाला पांढरे.

तिनं पटकन बेसिनवर टॉवेल टाकला. "मामा, याला हात लावायचा नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही."

"कुणाला सांगणार? मला तर गल्लीबाहेर काढलंय," मामा म्हणाला आणि चष्मा सावरला.

३. बाक

बाहेर येऊन बघते तर उजवा तिच्या टेबलापाशी उभा.

"माझी पँट झाली का? संध्याकाळी घालायचीय."

ठिणगीला आत्ता आठवलं, इस्त्रीखाली कुणाची पँट होती ते. तिनं घाईघाईनं वर एक चादर टाकली. "होतेय. आधी सांग, दुपारभर बाकावरच होतास?"

"दगडासारखा."

"मग दगडाच्या खांद्यावर शिंप्याचा खडू कसा?"

उजव्यानं खांदा झटकला. पांढरी रेघ आणखी पसरली. "कोट बघायला गेलो होतो. जरासा. आज लोक आपल्याला बघणार, तर नीट नको दिसायला?"

"म्हणजे गादी तुलाच मिळणार, हे ठरलंय?"

"एवढी वर्षं उन्हात कोण उभं राहिलं मालकांच्या मागे? छत्री कुणी धरली?"

"म्हणजे पहारा सोडून गेलास, आणि आत जायला रस्ता मोकळा! आणि वर माझ्या मामावर ढकलतोस!" ठिणगीनं इस्त्री उचलली. उजवा तीन पावलं मागे गेला. "तूच कापलीस! आज मालकांची फजिती झाली की लोक नव्याकडे वळणार, म्हणून!"

हे ती एवढ्या मोठ्यानं बोलली की खिडक्या उघडल्या. तेवढ्यात गल्लीच्या टोकाचा शिंपी ओरडला, "अगं, तो तासभर माझ्याकडे होता! आरशापुढून हलेना. दोन गिऱ्हाइकं परत गेली त्याच्यापायी!"

ठिणगीचं तोंड एवढंसं झालं. भाचा बाकावर बसून टाळ्या वाजवत होता. "वा! एक बाद. आता मला विचार."

"तू कुठे होतास?"

"इथेच."

"तुझ्या मागे उभी केलेली ती गुंडाळी कसली?"

भाच्यानं ती लपवायला हात मागे नेला, पण दंडामुळे हात पोहोचेना. ठिणगीनं ओढून उलगडली. मोठा फलक. त्यावर भाच्याचा हसरा फोटो आणि खाली अक्षरं: 'गल्लीचे नवे मालक'. रंग अजून ओला होता. पहारा सोडून हे महाशय छपाईवाल्याकडे गेले होते.

"तुझा मामा जिवंत असताना?" ठिणगीनं विचारलं.

"फोटो चांगला आला होता, म्हणून," भाचा पुटपुटला.

राहिला भोंगा. त्याला काही विचारावंच लागलं नाही. "मी झोपलो होतो!" तो आपणहून ओरडला. "बाकावर! घोरतसुद्धा होतो म्हणे! समोरच्या काकूंनी बादलीभर पाणी टाकीन म्हणून दम दिला!" ते खरं असणार. भोंग्याच्या पोटात काही राहत नसे. त्यानं मिशी कापली असती तर कापता कापताच जाहीर केलं असतं.

म्हणजे दोन पहारेकरी गायब, तिसरा झोपलेला. आत कुणीही जाऊ शकलं असतं. संशयित तिघांवरून अख्ख्या गल्लीवर गेले आणि सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या.

४. वारं फिरलं

मग एक भलतंच झालं.

नळावर एक आजी सहज बोलून गेली, "कुणी का असेना, पण छाती आहे हो पोराची. मालकांच्या मिशीला हात घालायचा म्हणजे!" दुसरी म्हणाली, "खरा मालक तोच म्हणायचा मग." भोंग्यानं ते ऐकलं. म्हणजे गल्लीनं ऐकलं.

घटकाभरात उजवा ठिणगीकडे परत आला. आता त्याची चाल बदलली होती. छाती पुढे.

"काय आहे ठिणगे, शिंप्याला सगळंच दिसत नसतं. मी मधे जरा बाहेर पडलो होतो. जास्त बोलत नाही. समजणाऱ्याला समजतं."

"म्हणजे तू कापलीस?"

"मी कुठे म्हटलं? पण नाही, असंही म्हटलेलं नाही." हे शेवटचं वाक्य तो खिडक्यांकडे बघून बोलला.

"केसांचं काय केलंस?"

"अं? फुंकर मारून उडवले. शर्टावर पडले होते ना. छातीवर, गळ्यावर."

"बरं. जा."

"माझी पँट?"

"होतेय!"

तो जातोय तोवर भाचा. खिशातून कात्रीचे दोन कान मुद्दाम बाहेर काढलेले. "माझा मामा झोपलेला होता," तो हळू आवाजात म्हणाला, पण हळू आवाजसुद्धा चार घरं ऐकतील असा. "मी गेलो, एक घाव, काम तमाम. हा घे पुरावा." त्यानं चिमूटभर केस पुढे केले. ते तांबूस होते आणि त्यांना बुटाच्या पॉलिशचा वास येत होता.

"ब्रश बरा होता ना रे? परत बूट पुसता येतील का त्यानं?"

भाचा लाल झाला आणि गेला.

ठिणगीनं डोक्याला हात लावला. मघाशी कुणीच कबूल होईना, आता जो तो कबूल होतोय! ती मालकांच्या घराकडे निघाली. दारात पोहोचते तोच मालकांचा फोन वाजला. टॉवेलातून एक हात बाहेर आला आणि त्यानं फोन उजव्यापुढे धरला. तोही आणि भोंगाही तिथे आलेच होते.

"वाच," मालक म्हणाले. "वाचणं माझं काम नाही. ऐकणं माझं काम."

उजव्यानं वाचलं: "पलीकडच्याचा मेसेज आहे मालक. 'कशी वाटली आमची हजामत? अख्खी मिशी साफ केली आमच्या पोरानं. संध्याकाळी भेटूच.'"

"अख्खी?" ठिणगी म्हणाली.

म्हणजे हाही थापा मारतोय. अर्धीच गेलीय, हे त्याला ठाऊकसुद्धा नाही. ठिणगी मटकन पायरीवर बसली. चोर शोधायचा तर 'मी नाही' म्हणणारा लागतो. इथे तिघं मी मी म्हणताहेत आणि एकालाही कापलेले केस कुठे आहेत ते माहीत नाही. उजवा म्हणतो शर्टावर पडले...

शर्टावर.

ती ताडकन उठली. झोपलेल्या माणसाच्या मिशीचे केस कापले तर ते पडणार कुठे? गळ्यावर, कॉलरवर, छातीवर. पांढऱ्या शर्टावर काळे केस झाकले जातील का? आणि ती आत शिरली तेव्हा शर्टावर ठिपका नव्हता. ठिपका जाऊ दे, सुरकुती नव्हती. मागून पुढून, कुठेच! खुर्चीत लोळून झोपलेल्या माणसाच्या पाठीवर इस्त्री टिकते? तिच्यासारखी इस्त्री गल्लीत कुणी करत नाही, पण एवढीही चांगली नाही.

मालक झोपलेच नव्हते.

ती धावत सलूनमध्ये गेली. मामा भांडीकुंडी बांधत होता. तिनं काही न बोलता त्याच्या नाकावरून चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. दोन्ही काड्या बाहेरच्या बाजूला फाकल्या होत्या, भल्यामोठ्या डोक्यावर कुणीतरी दाबून बसवल्यासारख्या.

"मामा," ती म्हणाली, "बांधाबांध थांबव. आणि वस्तरा काढ."

"कुणावर?" मामा घाबरून म्हणाला.

५. एक केस

मालक सलूनच्या खुर्चीत बसले. बोलावलं तसे एकटेच आले, मागच्या दारानं. ठिणगीनं शटर पूर्ण खाली ओढलं आणि बेसिनवरचा टॉवेल काढला.

"कुणी केलं ते सापडलं, मालक."

"कोण?" टॉवेलामागून आवाज आला. फारसा गरजलेला नव्हता.

"ज्याला जवळचं दिसत नाही, म्हणून सगळं दुसऱ्याकडून वाचून घेतो, तो. ज्यानं मामाचा चष्मा डोक्यावर कोंबला, या आरशापुढे उभा राहिला, या बेसिनवर वाकला आणि स्वतःच्या हातानं..."

"अगं हळू!"

मालकांनी टॉवेल काढला. उजवीकडची मिशीसुद्धा आता खाली आली होती.

"पांढरे दिसायला लागले होते मुळाशी," ते म्हणाले. "आणि एक केस वाकडा होता. एकच. आज सगळे बघणार, म्हणून म्हटलं, एवढा एक कापू. तो कापला तर शेजारचा लांब दिसायला लागला. तो कापला तर तिसरा. मामाच्या चष्म्यातून सगळं हे एवढं मोठं दिसतं! हात थांबवला तोवर..." त्यांनी गालावरून हात फिरवला. "ओरडलो. लोक धावले. तोंडातून निघून गेलं, कोणी केलं. आता मालक म्हणवणाऱ्यानं काय सांगायचं, मी केलं?"

"म्हणून माझ्या मामाला गल्लीबाहेर काढायचं?"

"मी कुठे नाव घेतलं? मी फक्त 'हं' म्हणालो."

"तुमच्या 'हं'नं माणसं रस्त्यावर येतात, मालक!" ठिणगीच्या हातात इस्त्री नव्हती म्हणून बरं. "मी आत्ता चौकात जाऊन सगळं सांगते. वाकडा केस, चष्मा, सगळं. तिकडे पलीकडचा बसलाय, तुमचा उजवा बसलाय, भाचा फलक लावून बसलाय. तिघं म्हणताहेत आम्ही कापली. कापली म्हणजे मालक झालो!"

मालकांनी मान वर केली. मग हळूच म्हणाले, "तिघं म्हणताहेत?"

"हो ना."

"उजवासुद्धा?"

ठिणगीनं मान हलवली. त्या वेळी मालकांचा चेहरा असा झाला की तिचा राग थोडा उतरला. मिशी गेल्याचं एवढं लागलं नव्हतं त्यांना.

मामा खोकला. "मालक, एक सुचवू? अर्धी राहिली तर लोक विचारतात कुणी कापली. पूर्ण गेली तर कुणी विचारत नाही. माणूस म्हणतो, काढली असेल."

ठिणगीनं मामाकडे बघितलं. मग मालकांकडे. मग ती हसली, दुपारपासून दाबून धरलेलं सगळं हसू.

"मालक, तुम्ही चौकात खरंच सांगायचं. फक्त कारण सांगायचं नाही."

६. चौक

चौक गच्च भरला होता. पलीकडचा आपली चार माणसं घेऊन पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. उजवा नव्या कोटात आणि जुन्या पँटमध्ये. भाचा फलकाखाली.

मालक आले. गुळगुळीत. नाकाखाली काहीही नाही. गर्दीतून एक 'हाऽऽ' निघाला.

मालक मधे उभे राहिले.

"मिशी मी कापली," ते म्हणाले. "स्वतः. या हातानं."

पुढच्या रांगेनं एकमेकांकडे बघितलं.

"का कापली, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. भोंग्या!"

"जी मालक!"

"दुपारपासून कोण काय काय म्हणालं, ते सांग. मोठ्यानं."

आणि भोंग्यानं सांगितलं. त्याला त्याच कामासाठी जन्माला घातलं होतं. उजव्याची फुंकर, भाच्याचा एक घाव, बुटाचा ब्रश, पलीकडच्याची 'अख्खी हजामत', चालीसकट आणि आवाजासकट. लोक आधी कुजबुजले, मग हसले, मग एकमेकांच्या अंगावर पडून हसले. पलीकडच्यानं पाय आत घेतले. मग खुर्ची मागे सरकवली. मग त्याला एकदम कुठलंतरी काम आठवलं. भाचा स्वतःचा फलक उतरवायला गेला, पण हात वर जाईनात. शेवटी उजव्यानंच त्याला तो काढून दिला, मान खाली घालून.

"आजच्याला तरी गल्ली मीच सांभाळीन," मालक म्हणाले. "आणि मामाच्या सलूनला कुणी कुलपाचं नाव काढलं तर..." त्यांनी सवयीनं मिशीला पीळ द्यायला हात नेला. हात रिकामाच फिरला. पण तो बघून पहिली रांग मागे सरकली.

"काय डोकं आहे मालकांचं!" नळावरची आजी म्हणाली.

"हो," मामा चष्म्याच्या काड्या वाकवत म्हणाला, "फार मोठं आहे."

पुढच्या आठवड्यात निम्म्या गल्लीनं मिशा काढल्या. मामाला जेवायला वेळ मिळेना. ठिणगीकडे मालकांचे शर्ट आले तेव्हा एका खिशात नवा चष्मा निघाला. तिनं तो पुसला, शर्टाला इस्त्री केली आणि चष्मा घडीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असा ठेवला.

वर बघते तर उजवा समोर.

"ठिणगे, आता तरी माझी पँट दे."

आता चादर काढण्याशिवाय इलाज नव्हता. पँटच्या मांडीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक होतं. त्यातून टेबल दिसत होतं.

"हे कोणी केलं?" उजवा किंचाळला.

ठिणगीनं कंबरेवर हात ठेवले. "मी केलं. स्वतः. या हातानं. का केलं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं."

उजव्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, भोंगा कुठे आहे ते बघितलं.

"समजलं," तो म्हणाला, आणि पँट नीट घडी करून, काखेत धरून निघून गेला.